डब्यातल्या अळीतून फुलपाखराऐवजी माश्या का निघतात?

पोळा होऊन गेला की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. पाठवणारे वेगवेगळे, कधी जुन्या विद्यार्थ्याची आई, कधी शेजारच्या बिल्डिंगमधले काका, पण फोटो दोनच. पहिल्यात एक हिरवी अळी असते आणि तिच्या अंगाला तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी चिकटलेलं असतं. खाली लिहिलेलं असतं, ‘मॅडम, अळीनं अंडी घातली.’ दुसऱ्या फोटोत फुलपाखराचा कोश असतो, वाळका, तपकिरी, कुशीला टाचणीनं टोचल्यासारखं भोक, आणि डब्याच्या तळाशी राईच्या दाण्याएवढ्या बारक्या माश्या. ‘डबा तर बंद होता. मग ह्या आत आल्या कुठून?’

मी नागपुरात शाळेत विज्ञान शिकवते. गच्चीवर गोडलिंबाच्या सहा कुंड्या आहेत आणि एक कागदी लिंबू आहे. दरवर्षी पावसाळ्यात पाचवी-सहावीच्या मुलांसोबत आम्ही फुलपाखरं वाढवतो. सुरुवातीची तीन वर्षं आमच्याही डब्यांतून फुलपाखरांपेक्षा माश्याच जास्त निघाल्या. एका वर्षी ११ कोशांपैकी फक्त ४ उमलले. बाकीच्या कोशांकडे मुलं रोज सकाळी प्रार्थनेआधी येऊन बघायची आणि हिरमुसून जायची. तेव्हापासून मी याच्या मागे लागले. आता आमचे बहुतेक कोश उमलतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

पहिल्या फोटोचं उत्तर लगेच देऊन टाकते. अळी अंडी घालत नाही. अंडी घालतं ते फुलपाखरू. अळी हे फुलपाखराचं बाळ आहे, तिला अंडी होणं शक्यच नाही. अंगावर दिसतात त्या पांढऱ्या कण्या म्हणजे दुसऱ्याच एका किड्याचे रेशमी कोश आहेत. परोपजीवी गांधीलमाश्यांची पिल्लं अळीच्या आत वाढली, तिची कातडी भेदून बाहेर आली आणि तिथंच कोश विणून बसली. गांधीलमाशी म्हटल्यावर डोळ्यांपुढे छपराखाली पोळं करणारी, डंख मारणारी पिवळी माशी येते. या तिच्याच नात्यातल्या, पण अंगानं दोन-तीन मिलिमीटरच्या. माणसाला त्या चावत नाहीत.

दुसऱ्या फोटोचं उत्तर लांब आहे, कारण ‘आत आल्या कुठून’ याला एकच उत्तर नाही. बहुतेक वेळा डब्याचा काही दोष नसतो. अळी घरी आली तेव्हाच तिच्या पोटात माशीची अंडी होती. काही वेळा मात्र दोष डब्याचाच असतो आणि माशी आपल्या डोळ्यांदेखत आत शिरलेली असते. यातलं तुमच्याकडे काय झालं हे कळलं की उपायही कळतो.

आधी माशीच आहे ना, ते बघा

लिंबावरचं फुलपाखरू, ज्याला लाइम बटरफ्लाय म्हणतात ते काळं-पिवळं, बिनशेपटीचं, आणि गोडलिंबावर येणारं काळं कॉमन मॉर्मन, या दोघांचे कोश दोन रंगांचे असतात. हिरव्या कोवळ्या फांदीवर बसलेला कोश बहुधा हिरवा होतो. वाळक्या काडीवर, भिंतीवर किंवा डब्याच्या पुठ्ठ्यावर बसलेला तपकिरी होतो. ही आजूबाजूच्या रंगात लपण्याची सोय आहे. त्यामुळे कोश तपकिरी झाला एवढ्यावरून तो गेला असं समजू नका. असे जिवंत कोश लोकांनी फेकून दिल्याचं मी ऐकलंय, फार वाईट वाटतं.

दुसरी चुकीची समजूत काळ्या रंगाबद्दल. फुलपाखरू बाहेर यायच्या आदल्या दिवशी कोश गडद होतो आणि त्याचं टरफल पारदर्शक होऊन आतल्या पंखांवरची पिवळी नक्षी दिसायला लागते. नक्षी दिसली की समजा, उद्या सकाळी पाहुणा येणार. परोपजीवी लागलेल्या कोशातही काळपटपणा येतो, पण तो डागाडागांचा असतो, आत कुणीतरी वाटाणे भरून ठेवल्यासारखा. पंखांची नक्षी त्यात कधीच दिसत नाही. असा कोश हाताला हलका लागतो, त्याचे पोटाकडचे सांधे ताठ होतात आणि हळूच स्पर्श केला तरी तो जराही हलत नाही.

दिवसांचा हिशेबही ठेवा. पावसाळ्यात आपल्याकडे कोशातून फुलपाखरू यायला साधारण ८ ते १० दिवस लागतात. नागपूरची थंडी पडली की हाच मुक्काम बराच लांबतो. दिवाळीनंतर बसलेला कोश पंधरवड्यात उमलला नाही म्हणून निराश होऊ नका.

आणि अळीच मेली असेल तर? ती फांदीवर उलटी लटकलेली असेल, अंग काळं पडून मऊ झालं असेल आणि हात लावताच पाणी गळत असेल, तर तो रोग आहे, बहुधा विषाणूचा. हरभऱ्यावर घाटेअळीसाठी शेतकरी एनपीव्ही नावाचा विषाणू फवारतात, त्याच जातीचं दुखणं. ती अळी, तिचं पान, तिचा डबा लगेच वेगळा करा आणि डबा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा. अळ्या एकाच दिवशी झटके देत, हिरवं पाणी ओकत मेल्या, तर पानावर औषध होतं. बाजारातून आणलेली गोडलिंबाची जुडी त्यांना कधीही घालू नका. नर्सरीतून नवीन रोप आणलं असेल तर जुनी पानं काढून टाका आणि पुढची नवी पालवी फुटेपर्यंत त्यावर अळ्या ठेवू नका. काही औषधं झाडाच्या रसात भिनलेली असतात, ती पान धुऊन जात नाहीत. माझ्या एका पूर्ण वर्षाच्या अळ्या अशाच एका रोपानं नेल्या.

अळी घरात आली तेव्हा केवढी होती, ते आठवा

हा प्रश्न मी फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला विचारते. उत्तर जवळजवळ नेहमी सारखंच येतं, ‘चांगली मोठी, हिरवी होती.’ अर्थातच. आपल्याला दिसते ती मोठी झालेलीच. त्याआधीचे दहा-बारा दिवस ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-तपकिरी अंगावर पांढरा पट्टा, पानाच्या मधोमध निवांत पसरलेली. पक्षी तिला विष्ठा समजून सोडतात, आपणही सोडतो. पण माशीला रंगानं फसवता येत नाही. ती वासानं येते, कुरतडलेल्या पानाच्या वासानं, अळीच्या विष्ठेच्या वासानं.

एवढ्या लहान वयातच माशी तिला टोचते. शेपटाकडची सुईसारखी नळी अळीच्या अंगात जाते, क्षणभरात अंडी आत, माशी उडून जाते. यानंतर अळी मरत नाही. खाते, कात टाकते, वाढते, हिरवी होते, धक्का लागला की डोक्यामागचं लालसर दुभंगलेलं शिंग काढून उग्र वासही सोडते. बघणाऱ्याला ती ठणठणीत वाटते. आतली पिल्लं तिचं रक्त आणि चरबी खात असतात, जिवाला लागणारे अवयव ती शेवटापर्यंत शाबूत ठेवतात, कारण अळी आधी मेली तर तीही मरतील.

अळीचं शरीर याचा प्रतिकार करतंच. परकं अंडं आत आलं की तिच्या रक्तातल्या पेशी त्याला चारी बाजूंनी घेरून कोंडतात. पण या माश्यांच्या काही घराण्यांनी त्यावरही तोड काढली आहे. अंड्यासोबत त्या एक विषाणू सोडतात आणि तो अळीची ही संरक्षणाची फौजच निकामी करतो. हा विषाणू माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत लिहिलेला असतो, आईकडून लेकीकडे वारशानं जातो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत जागी होते. एवढ्याशा जिवाच्या अंगात दुसरा जीव, त्याच्या जोरावर तिसऱ्याचा ताबा.

म्हणून अंगावर पांढऱ्या कण्या आलेली, किंवा मोठी होऊनही अचानक खाणं सोडून सुस्तावलेली अळी तुमच्याकडे दिसली, तर डब्याचं झाकण तपासत बसू नका. गोष्ट झाडावरच घडून गेली आहे. अंगावरचे कोश चिमट्यानं काढून अळी वाचत नाही. मी प्रयत्न केला आहे. कोश बाहेर आले याचा अर्थ आतलं सगळं संपलं आहे. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीत तर असं दिसतं की पिल्लं बाहेर पडल्यावर ती अळी काही दिवस जगते आणि त्यांच्या कोशांवर पाखर घालून बसते, कुणी जवळ आलं तर डोकं झटकते.

यावरचा खात्रीचा उपाय एकच आहे. अळी आणू नका, अंडं आणा. पावसाची झड उघडून ऊन पडलं की सकाळी नऊ-दहाच्या सुमारास कुंडीजवळ थांबा. मादी कोवळ्या पालवीवर क्षणभर टेकते, पंख फडफडवतच शेपूट वाकवते आणि पुढे जाते. ती गेली की त्या पानाचं टोक बघा. मोहरीच्या बारीक दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं. तेवढं पान देठासकट खुडून त्याच दिवशी घरात आणा. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पहिलं जेवण म्हणून स्वतःचं टरफल खाते.

त्याच दिवशी का, तेही सांगते. अंड्यांनाही माशी असते. ट्रायकोग्रामा नावाची, अर्ध्या मिलिमीटरची, भिंगाशिवाय दिसणार नाही अशी. शेतकऱ्यांना ती ट्रायकोकार्डमुळे माहीत आहे. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांवर तिला वाढवतात, पोस्टकार्डासारख्या कागदावर ती अंडी चिकटवतात, एका कार्डावर सुमारे २०,०००, आणि कार्डाच्या पट्ट्या पऱ्हाटीच्या पानांना टाचतात, म्हणजे बोंडअळीची अंडी फुटायच्या आतच संपतात. हीच माशी तुमच्या कुंडीवरही असते. तिनं टोचलेलं अंडं पूर्ण काळंभोर होतं आणि आठवडाभर तसंच राहतं. चांगलं अंडंही काळपटतं, पण फक्त शेवटच्या दिवशी, आणि दुसऱ्या दिवशी त्यात अळी असते. काळं अंडं दोन दिवसांत फुटलं नाही तर त्याची आशा सोडा.

कोश बसतो ती रात्र आणि दुसरा दिवस

आता ज्यात दोष आपला असतो ती वेळ. माझी तीन वर्षं इथंच गेली, म्हणून यावर जरा थांबते.

पोटभर खाल्लेली अळी एके दिवशी खाणं थांबवते. मग एकदा ओली, पातळ विष्ठा टाकते, नेहमीच्या कोरड्या गोळ्यांपेक्षा अगदी वेगळी. नंतर डब्यात सैरभैर फिरते. जागा पसंत पडली की शेपटाशी रेशमाची गादी करते, पाठीमागून रेशमाचा एक पट्टा घेते, लाइनमन खांबावर चढताना कमरेला घेतो तसा, आणि अंग आखडून बसते. साधारण एक दिवस ती अशी असते. मग कातडी फाटते आणि आतून कोश निघतो. तो पहिले काही तास मऊ असतो, सोललेल्या भुईमुगाच्या ओल्या दाण्यासारखा.

एका रविवारी सकाळी चहा घेऊन गच्चीवर गेले तेव्हा लिंबाच्या काडीवर अशी एक अळी आखडून बसलेली होती. तिच्या पाठीवर काहीतरी चकाकलं. भिंग आणून पाहिलं तर दोन-अडीच मिलिमीटरची एक माशी, काळपट हिरवी, मोरपिसाच्या देठाजवळ असतो तसा धातूसारखा रंग. ती टोचत नव्हती. मिशा खालीवर करत अळीच्या पाठीवर नुसती चालत होती, डोक्यापासून शेपटापर्यंत, पुन्हा परत. मी फुंकर घातली, उडाली. पाच मिनिटांत पुन्हा त्याच जागी. मी तासाभरानं आले, तिथंच. जेवण करून आले, तिथंच. दुपारी चारच्या सुमारास अळीची कातडी फाटली आणि ओला हिरवा कोश उघडा पडला, तशी ती माशी थांबली, पोट वाकवलं आणि शेपटाची नळी त्या मऊ टरफलात घातली. सकाळपासून ती या दहा मिनिटांसाठी बसून होती. एकदा कोश वाळून कडक झाला की तिचं काम अवघड होतं.

या माशीचं नाव टेरोमॅलस प्युपॅरम. एका कोशात ती डझनावारी अंडी घालते. दोन-तीन आठवड्यांनी कोशाला एक-दोन बारीक भोकं पडतात आणि सगळी भावंडं त्याच वाटेनं बाहेर येतात. मी एकदा पांढऱ्या कागदावर ठेवून मोजली होती, एका कोशातून ७१. भोक मोठं, कडा ओबडधोबड आणि आतून एकच माशी निघाली, काळी, पायांवर पिवळे ठिपके, मागच्या मांड्या पैलवानासारख्या फुगीर, तर ती ब्रॅकिमेरिया. तीही कोश ताजा असताना गाठते. फुलपाखरू बाहेर पडलेल्या कोशाला असं भोक नसतं. त्याचा डोक्याकडचा भाग दारासारखा उघडलेला असतो आणि खाली लालसर-तपकिरी पाण्याचा थेंब सांडलेला असतो.

मी काय चुकत होते ते या रविवारी कळलं. अळ्या डब्यात असेपर्यंत मी झाकण लावायची आणि कोश बसायच्या वेळी ‘आता ही कुठं जाणार’ म्हणून झाकण काढून डबा खिडकीत ठेवायची, उजेड-वारा मिळावा म्हणून. माश्यांना नेमका तेवढाच वेळ हवा होता. तेव्हा हे लक्षात ठेवा : ओली विष्ठा दिसली की झाकण पक्कं, आणि कोश बसून पूर्ण एक दिवस उलटेपर्यंत उघडायचं नाही. अळी त्या काळात काही खात नाही, पान घालायचीही गरज नाही.

खसखशीची परीक्षा

‘पण आमच्याकडे जाळी होती’ असं पुष्कळजण म्हणतात. कसली जाळी? मच्छरदाणीची. मच्छरदाणी डासासाठी आहे. ही माशी अंगानं डासापेक्षा अरुंद. जाळीचा तुकडा पसरून त्यावर चिमूटभर खसखस टाका आणि हलवा. खसखस खाली पडली तर माशीही आत जाईल. कुलरच्या खिडकीला लावतो ती हिरवी नेट तर विसराच. मी इतवारीतून ऑर्गॅन्झाचं कापड आणलं, ओढणीसाठी घेतात ते. त्यातून खसखस पडत नाही, वारा मात्र जातो. पाव मीटरमध्ये दोन बरण्यांची तोंडं होतात. रबरबँडनं घट्ट बांधा, सुरकुत्यांमधून वाट राहू देऊ नका. फांदीवरच अळी वाढवायची असेल तर त्याच कापडाची उशीच्या खोळीसारखी पिशवी शिवून फांदीवर चढवा आणि देठाशी दोरीनं आवळा. त्याआधी पिशवीत कोळी राहिला नाही ना ते बघा.

ट्रायकोग्रामा ऑर्गॅन्झातूनही जाऊ शकते, म्हणून अंडी असलेली पानं मात्र झाकणाच्या डबीतच ठेवायची. गुदमरतील ही भीती नको. एका अंड्याला, बारक्या अळीला डबीतली हवा पुरते, रोज एकदा पान बदलताना उघडतोच आपण. तळाला टिश्यू पेपर ठेवा आणि घाम धरला की बदला. आपल्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत बुरशीचा धोका जास्त.

पंख मोजा

डब्यात निघालेली प्रत्येक माशी गांधीलमाशीच्या कुळातली नसते. घरमाशीसारखी, अंगावर राठ काटेरी केस असलेली, दोनच पंखांची असेल तर ती टॅकिनिड. गांधीलमाश्यांना पंख चार असतात, जरी मिटल्यावर दोन वाटले तरी. खूण आणखी आहे. टॅकिनिडचा किडा अळीतून किंवा कोशातून बाहेर येताना पुष्कळदा पांढरट चिकट धाग्यावरून खाली उतरतो आणि डब्याच्या तळाशी लालसर-तपकिरी, गुळगुळीत गोळी होऊन पडतो. गांधीलमाशीचे कोश रेशमाचे, कापसासारखे, पृष्ठाला चिकटलेले असतात. रुईवर वाढणाऱ्या केशरी प्लेन टायगर फुलपाखरांच्या कोशाखाली टॅकिनिडचे ते धागे लोंबताना मुलांनी पाहिले आहेत.

फरक महत्त्वाचा अशासाठी की काही टॅकिनिड माश्या अळीला टोचतच नाहीत. पानावर अतिशय बारीक अंडी टाकून जातात आणि अळी ती पानासोबत गिळते. म्हणजे अंड्यापासून घरात वाढवलेल्या अळीलाही तुम्ही रोज बाहेरून आणलेल्या पानातून ती लागू शकते. तेव्हा पानं नळाच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवायची, कोरडी करायची, मगच घालायची. अळीच्या डोक्यामागे पांढरे, कडक, टिकल्यांसारखे ठिपके चिकटलेले दिसले तर तीही टॅकिनिडचीच अंडी.

आणि अळीच नाहीशी झाली, कोश नाही, कातडं नाही? मग परोपजीवी नाही, शिकारी. मोठी गांधीलमाशी तुकडे करून नेते. कुंभारीण माशी आख्खी अळी उचलून भिंतीवरच्या मातीच्या मडक्यात नेऊन ठेवते. आमच्या आजीच्या कीर्तनात भ्रमर-कीटकाचा दृष्टांत यायचा : कुंभारीण अळीला मातीच्या घरात कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि तिचंच ध्यान करता करता अळी कुंभारीण होते. ज्यानं हे पहिल्यांदा पाहिलं त्यानं फार बारकाईनं पाहिलं होतं. अळी आत जाताना दिसली, मडकं लिंपलेलं दिसलं, त्याच मडक्यातून कुंभारीण निघाली तीही दिसली. मडक्याच्या आत डंखानं लुळी पडलेली अळी आणि तिच्या शेजारी लटकणारं एक अंडं होतं, तेवढंच त्याला दिसलं नाही. ‘डबा बंद होता, मग ही आली कुठून’ हा प्रश्न नवा नाही.

निघालेल्या माश्यांचं काय करायचं

मारू नका, आणि कुंडीवर तर काहीही फवारू नका. लोक चिडतात, मी समजू शकते, मुलाचा कोश गेलेला असतो. पण फवारा मारला की माशी मरते तशी पुढची अळीही मरते, आणि मग त्या झाडावर मावा नि पांढरी माशी माजते, कारण त्यांना खाणारेही गेलेले असतात.

माझा दादा काटोलकडे संत्र्याची बाग करतो. संत्रा, लिंबू, गोडलिंब, बेल ही सगळी एकाच कुळातली झाडं, त्यामुळे मी ज्या अळ्या जपते त्याच अळ्या त्याच्या कलमांची कोवळी पालवी रात्रीतून साफ करतात. मोठ्या झाडाला फरक पडत नाही, पण वर्षाच्या आतलं कलम खुंटतं. तो मला म्हणतो, ‘तू तिकडं वाचव, मी इकडं वेचतो.’ एकदा हरभऱ्याच्या वावरात त्यानंच मला दाखवलं : फांदीवर राखाडी-पांढरा छोटा कोश आणि शेजारी घाटेअळीचं रिकामं, सुकलेलं कातडं. ती कॅम्पोलेटिस माशी, घाटेअळी लहान असतानाच तिला आतून संपवणारी. असे कोश वावरात दिसायला लागले की दादा फवारणी पुढे ढकलतो आणि आधी पुन्हा अळ्या मोजतो.

आमच्या ११ पैकी ४च कोश उमलले त्या वर्षी मी शाळेत फळ्यावर जीवनचक्राचं नेहमीचं चित्र काढलं, अंडं, अळी, कोश, फुलपाखरू, चार बाण. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘मॅडम, आपल्या सात कोशांचा बाण कुठंय?’ मी खडू तिच्या हातात दिला. तिनं कोशापाशी बाण वळवला, बाजूला बारीक बारीक ठिपके काढले आणि तिथून एक बाण परत अळीकडे नेला. तेव्हापासून आमच्या तक्त्यात तो बाण असतोच.

मला फोटो पाठवणार असाल तर एवढं सोबत लिहा : अळी आणली तेव्हा केवढी होती, कोश कुठल्या तारखेला बसला, त्या दिवशी झाकण होतं का, भोक एक की जास्त, आणि निघालेल्या माशीचे पंख किती. शक्य असेल तर माशी पांढऱ्या कागदावर ठेवून, शेजारी एक खसखशीचा दाणा ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो.

माझ्याकडे आता टोचलेला कोश आला की मी तो ऑर्गॅन्झा बांधलेल्या वेगळ्या बरणीत ठेवते आणि वर तारीख लिहिते. दादाचं नागपूरला येणं झालं की बरणी त्याच्यासोबत जाते. तो ती कलमांच्या वाफ्यात मधोमध ठेवतो आणि कापड सोडतो.